मागचा जिना : नाशिकमधल्या एका क्वीअर गटाचं प्रकरण

हे प्रकरण ऑक्टोबर २०२३ मध्ये घडलं. क्वीअर म्हणजे समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी अशा आम्हा सगळ्यांसाठीचा एक शब्द. ज्यांच्याविषयी लिहितेय त्यांना मसुदा वाचून दाखवला आहे. एकाने नको म्हटलं, त्याचा भाग काढून टाकला. नावं कुणाचीच घेतलेली नाहीत. आमच्यात तशीही एकमेकांना गावावरून किंवा पेठेवरून हाक मारायची सवय आहे, कारण घरचे फोन बघतात. माझ्या फोनमध्ये आजही 'सिन्नर बियाणे', 'ओझर गॅस', 'नाशिकरोड प्लंबर' अशीच नावं सेव्ह आहेत. इथेही तीच चालवते.

मी समुपदेशक आहे आणि उभयलिंगी आहे, म्हणजे मला बाई आणि पुरुष दोघांचीही ओढ वाटते. या प्रकरणातली मुख्य चूक माझ्या हातून झाली, तेव्हा हे लांबून पाहणाऱ्याचं टिपण नाही हे आधीच सांगितलेलं बरं.

गट कसा जमला

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींचे संमतीचे संबंध कलम ३७७ च्या, म्हणजे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलमाच्या, बाहेर काढले. त्याच वर्षीच्या दिवाळीत आम्ही सहा जण पहिल्यांदा एकत्र फराळाला बसलो. पुढच्या पाच वर्षांत व्हॉट्सॲपवर १९ जण झाले. त्यातले १४ समलिंगी पुरुष. उरलेल्यांत मी, 'सिडको' नावाची समलिंगी मैत्रीण, 'ओझर' ही अलैंगिक मुलगी, 'सातपूर' हे विवाहित उभयलिंगी गृहस्थ आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारा पारलिंगी पुरुष, म्हणजे 'सिन्नर'.

हे प्रमाण असं का, याचा आम्ही कधी विचारच केला नव्हता. नाशिकसारख्या शहरांत आपल्या माणसांची पहिली गाठ पडली ती एचआयव्ही प्रतिबंधाच्या प्रकल्पांमधून. 'नाशिकरोड' आज ५२ वर्षांचे आहेत, त्यांनी अशा एका प्रकल्पात काही वर्षं पीअर एज्युकेटर, म्हणजे आपल्याच लोकांना माहिती देणारा कार्यकर्ता, म्हणून काम केलंय. संध्याकाळी स्टेशनजवळ, बागांमधून फिरायचं, निरोधची पाकिटं द्यायची, लोकांना आयसीटीसीला, म्हणजे सरकारी एचआयव्ही तपासणी केंद्रात, न्यायचं आणि रात्री वही भरायची. वहीत दोन गट असायचे, एमएसएम (पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष) आणि टीजी (ट्रान्सजेंडर). निधी त्या दोघांसाठीच होता. बाईवर प्रेम करणारी बाई, बाईच्या देहात जन्मलेला पुरुष, कुणाबद्दलच शरीराची ओढ न वाटणारी मुलगी यांना कुठला धोका धरलेलाच नव्हता, म्हणून त्यांची नोंदही नव्हती. प्रकल्पामुळे बसायला खोली मिळाली, चहाचे पैसे मिळाले, एकमेकांचे नंबर मिळाले. आमचा गट उभा राहिला तो नाशिकरोडकाकांच्या त्या जुन्या नंबरांवर. कुणाला बाहेर ठेवायचं असं कुणीच ठरवलं नव्हतं. तरी निम्मी माणसं बाहेर राहिली.

नंतर कॉलेज रोड, गंगापूर रोडची तरुण पोरं आली, ती डेटिंग ॲपवरून. त्यांच्या प्रोफाइलवर 'बायकी नको' असं सरळ लिहिलेलं असायचं. त्यातले दोघे बैठकीत माझ्या शेजारी बसून समतेवर फार सुंदर बोलायचे. ते खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. आवडीनिवडीत समता आणायची असते हेच त्यांना कधी कुणी सांगितलं नव्हतं.

बैठक व्हायची महिन्याच्या चौथ्या रविवारी संध्याकाळी सात वाजता, गंगापूर रोडच्या एका सोसायटीत पहिल्या मजल्यावर. आमच्यातलाच एक जण तिथे अकाउंट्सचे क्लास घेतो. विद्यार्थी गेले की तो हॉल आम्हाला फुकट देई. सोसायटीत आम्ही 'वाचक गट' होतो.

अष्टमीचा रविवार

१७ ऑक्टोबर २०२३ ला समलिंगी विवाहाचा निकाल लागला. पाच न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की संविधानात विवाहाचा मूलभूत हक्क नाही. जोडप्यांच्या नात्याला वेगळी मान्यता द्यायची का आणि त्यांना मिळून मूल दत्तक घेता येईल का, यावर तीन विरुद्ध दोन अशी फूट पडली आणि तिथेही आपण हरलो. एक मुद्दा मात्र पाचही जणांनी मान्य केला : पारलिंगी व्यक्तीचं नातं स्त्री-पुरुष असं असेल तर आजच्याच विवाह कायद्यांखाली तिला लग्न करता येतं.

गटात शोककळा होती. मी म्हटलं, या वेळी सगळ्यांनाच बोलावू. सिन्नरच्या ओळखपत्राच्या कामासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात खेटे घालत असताना माझी पंचवटीतल्या एका तृतीयपंथी गुरूंशी ओळख झाली होती. त्या त्यांच्या चेल्याच्या कागदांसाठी येत. बाकावर बसून आम्ही तासन्‌तास गप्पा मारल्या होत्या. मी त्यांना मावशी म्हणते. त्यांना फोन केला, त्या लगेच हो म्हणाल्या.

मग क्लासवाल्या मित्राचा फोन आला. रविवारी अष्टमी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये गरबा, सगळी बिल्डिंग खाली. "मावशी साडी नेसून पुढच्या गेटने आल्या तर सोमवारी माझ्या क्लासला पोरं येतील का?" त्याच्या आवाजात घबराट होती, आणि ती खरी होती. त्याच्या घरी काही माहीत नाही, पोट त्याच क्लासवर. मी त्याला म्हटलं, बघते. आणि मावशींना हा मेसेज केला :

"मावशी, रविवारी ७ ला नक्की या. खाली गरबा आहे, गर्दी असेल. जमलं तर साध्या कपड्यात या आणि पार्किंगच्या मागच्या जिन्याने वर या, म्हणजे तुम्हालाही त्रास नको."

हा मेसेज मी नंतर कितीदा तरी वाचला. त्यातला 'तुम्हालाही' हा शब्द मला आजही सलतो. त्रास आम्हाला होणार होता. तो मी त्यांच्या नावावर घातला.

मावशी आल्या त्या हिरव्या काठापदराच्या साडीत, भरल्या कपाळाने, पुढच्या गेटने. आम्ही खिडकीच्या पडद्याआडून बघत होतो. गरबा थांबला. माझ्या पोटात गोळा आला. मग खालच्या बायकांतल्या एका वयस्क बाईंनी पुढे होऊन त्यांना हळदकुंकू लावलं. दुसरीने नारळ आणला, ओटी भरली. दोन-तीन पोरी पाया पडल्या. नवरात्रात दारी आलेलं देवीचं माणूस, या भावनेने ते झालं. त्याच बायका मावशींना त्या बिल्डिंगमध्ये खोली भाड्याने देतील असं मला मुळीच वाटत नाही. पण आम्ही ज्यांना घाबरत होतो त्यांनी त्यांना निदान समोरून आत घेतलं, आणि आम्ही पडद्याआड होतो.

वर काय झालं

वर आम्ही १३ जण होतो. मावशी ओटी सांभाळत बसल्या, शेजारी चेला. निकालावर बोलणं सुरू झालं. कॉलेज रोडचा एक मुलगा रडला. सात वर्षांचं त्याचं नातं, दोघांनी मिळून फ्लॅट बघून ठेवलेला. सगळेच हळवे झाले होते. तेवढ्यात कुणीतरी सिन्नरला म्हणालं, "तुझं बरंय, तुला मिळालं की."

सिन्नर कमी बोलतो. त्या दिवशी बोलला. त्याची मैत्रीण संगमनेरची. पारलिंगी व्यक्तींसाठीच्या २०१९ च्या कायद्याप्रमाणे तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांकडून 'ट्रान्सजेंडर' असं प्रमाणपत्र प्रतिज्ञापत्रावर मिळत होतं, त्याला वैद्यकीय तपासणी नव्हती. पण कागदावर 'पुरुष' लिहून हवं असेल तर आधी शस्त्रक्रिया, मग दुसरा अर्ज. "मला जे मिळालंय म्हणता ना," तो म्हणाला, "त्यासाठी आधी छाती कापून घ्यावी लागते. त्याला लागणारे पैसे मला कोण देणार आणि सुट्टी कोण देणार? मी कंत्राटी आहे."

यावर कुणी काही बोललं असतं तर बरं झालं असतं. पण रडणाऱ्या मुलाचा मित्र तापला होता. त्याने विषय वळवला तो थेट मावशींकडे. सिग्नलवर टाळ्या वाजवतात, पैसे मागतात, म्हणून लोक आपल्या सगळ्यांकडे त्याच नजरेने बघतात, कोर्टसुद्धा आपल्याला गांभीर्याने घेत नाही, असं काहीबाही.

मावशींनी चेल्याला खूण केली. त्यांना वाचता येत नाही. चेल्याने फोन काढून माझा मेसेज मोठ्याने वाचला, शब्दन्‌शब्द. मग मावशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाई, हे पोरगं निदान तोंडावर तरी बोललं."

त्या उठल्या. नारळ टेबलावर ठेवला, म्हणाल्या, प्रसाद आहे, फोडून खा. दाराशी जाऊन विचारलं, "मागचा जिना कुठंय? तुम्ही सांगितलंत तिकडून जाते." आणि गेल्या. त्यांच्या मागोमाग सिन्नर उठला, त्याच्या मागे ओझर. खाली गरब्याचा आवाज पुन्हा वाढला होता.

नारळ आम्ही फोडला नाही.

माझा पहिला उपाय, जो चुकीचा होता

दोन दिवसांनी दसरा. त्या दोन दिवसांत मी कागदावर तीन गट आखले : समलिंगी पुरुषांचा, बायकांचा आणि पारलिंगींचा. प्रत्येकाला आपली जागा मिळाली की भांडण मिटेल. मुंबईत असं झालंच आहे. हमसफर ट्रस्ट १९९४ पासून, स्त्री संगम म्हणजे पुढची लेबिया १९९५ पासून. तिथे ज्याला एक दार बंद होतं त्याला दुसरं सापडतं.

मी तो कागद नाशिकरोडकाकांना दाखवला. त्यांनी विचारलं, "बायकांच्या गटात दोघी. पारलिंगींच्यात सिन्नर एकटाच, आणि मावशी आल्या तर त्या. ओझरला कुठं बसवणार? सातपूरला कुठं?" १९ जणांचे तीन गट पाडले तर त्यातले दोन पहिल्या महिन्यातच मोडतील हे उघड होतं. मग काका बराच वेळ गप्प बसले. नंतर जे म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत देते : "माझा आजा काळारामाच्या सत्याग्रहात होता. २ मार्च १९३०. पुढच्या दाराने जायचं म्हणून पाच वर्षं ती माणसं दाराशी उभी राहिली. आणि मी रविवारी हॉलमध्ये बसलो होतो, तुझा मेसेज ऐकला, आणि एक शब्द बोललो नाही."

ते तेव्हा पहिल्यांदा माझ्यापुढे त्यांच्या वस्तीबद्दल बोलले. पाच वर्षांत त्यांनी गटात आडनाव सांगितलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही. कळलं.

काय लपवतोस?

मी आधी पंचवटीत गेले. मावशींनी चहा दिला, मेसेजचा विषय काढला नाही. मी काढला, माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तुम्ही बोलावता आम्हाला. आमच्याकडे कधी आलात?" मग सप्तशृंगी गडाविषयी बोलल्या. कोजागरीला वणीच्या गडावर राज्यभरातून तृतीयपंथी जमतात, रात्री छबिना निघतो. मावशी वयाच्या सोळाव्या वर्षापासून न चुकता जातात. कलम ३७७ होतं तेव्हाही जात होत्या. आम्ही नाशिकमध्ये पहिला गट काढला म्हणून मिरवत होतो आणि साठेक किलोमीटरवर दरवर्षी हे होत होतं.

डेरा, म्हणजे गुरू आणि चेल्यांचं एकत्र घर, हा काही स्वर्ग नाही, हेही लिहायला हवं. तिथे गुरूची आज्ञा मोडली तर दंड आहे, चेल्याच्या कमाईत वाटा आहे. आणि सिन्नरबद्दल मावशी सरळ म्हणाल्या, "बाईचा पुरुष झालेला आमच्या रीतीत नाही बसत." म्हणजे त्याला आमच्याकडे जागा नव्हती तशी त्यांच्याकडेही नव्हती.

पुढच्या दोन महिन्यांत मी १५ जणांना एकेकटं भेटले. कुणी मिसळीच्या हॉटेलात, कुणी गोदापार्कच्या बाकावर. प्रत्येकाला एकच प्रश्न : बाहेर जगापासून काय लपवतोस ते माहीत आहे, या गटात काय लपवतोस?

सातपूर अंगठी लपवत होते, गेटबाहेर स्कूटरच्या डिकीत टाकून यायचे. लग्न झालेला उभयलिंगी म्हणजे दोन्ही डगरींवर हात ठेवणारा, असं त्यांनी आमच्याच तोंडून ऐकलं होतं. त्यांच्या बायकोला सगळं माहीत आहे, आम्हालाच माहीत नव्हतं. ओझरने एक खोटी मैत्रीण रचली होती. पहिल्या बैठकीत तिला कुणीतरी विचारलं होतं, "तुला कुणीच नको, मग तू इथे कशाला?" त्यानंतर ती दर महिन्याला त्या नसलेल्या मैत्रिणीची नवी हकिगत आणायची. दिंडोरीच्या एका मुलाने आपण द्राक्षबागेत मजुरीला जातो हे सांगितलं नव्हतं, इंग्रजीत बोलणं सुरू झालं की तो फोनमध्ये तोंड घालायचा. मी काय लपवत होते? नेतृत्व करणारीला स्वतःच्या प्रेमाबद्दल बोलायची गरज नसते, असा मी समज करून घेतला होता. पाच वर्षांत मी एकदाही बोलले नव्हते.

आणि सिन्नर. तो म्हणाला, "ताई, मी रविवारी दुपारी बारानंतर पाणी पीत नाही." हॉलला एकच संडास, आणि तो पुरुषांच्या घोळक्यातून गेल्यावर येणारा. त्यात कचऱ्याचा डबा नाही. त्याची पाळी चालू असायची तेव्हा तो पॅड कागदात गुंडाळून खिशात घालून रात्रीच्या एसटीने सिन्नरला न्यायचा. अडीच वर्षं तो हे करत होता. आम्ही त्याला एकदाही चुकीच्या नावाने हाक मारली नाही, याचा मला केवढा अभिमान होता.

काय बदललं

पहिली बदलली ती जागा. नाशिकरोडकाकांनी त्यांच्या वस्तीतल्या बुद्धविहाराचं समाजमंदिर विचारलं. विश्वस्तांना त्यांनी 'वाचक गट' म्हणून सांगितलं नाही, खरं सांगितलं. दोन बैठका झाल्या, एक जण विरोधात राहिला, बाकीचे हो म्हणाले. लाइट आणि झाडलोटीचे ३०० रुपये. दोन संडास आहेत, दोन्हींत झाकणाचे डबे आम्ही आणून ठेवले. या समाजमंदिराला मागचं दार आहे, पण ते बाहेरून कुलूपबंद असतं.

वेळ सातची तीन केली. त्यामुळे सिडकोला घरी खोटं सांगावं लागत नाही. दुपारी बाई कुठे गेली असं कुणी विचारत नाही. बोलणं मराठीतून. इंग्रजी शब्द आला तर जो वापरेल त्याने सांगायचं. 'नॉनबायनरी' (स्वतःला फक्त बाई किंवा फक्त पुरुष न मानणारी व्यक्ती) सांगताना एका मुलाची पंधरा मिनिटं तारांबळ उडाली, आणि त्यातून जी चर्चा झाली ती पाच वर्षांतली सगळ्यात चांगली होती. सुरुवात कोण करणार हे चिठ्ठी टाकून ठरतं. आधी नेहमी तेच तिघे करायचे.

सगळे टिकले नाहीत. क्लासवाला मित्र वस्तीत यायला तयार झाला नाही. कारण त्याने सांगितलं नाही आणि मी त्याच्यावर रागावू शकत नाही. त्याने पाच वर्षं आपली जागा आणि झोप आमच्यासाठी पणाला लावली होती. टाळ्यांबद्दल बोलणारा मुलगा चार महिन्यांनी परत आला. मावशींसमोर त्याला माफी मागायची होती. मावशी म्हणाल्या, "मागू नको, शेजारी बस." तो आता बसतो, पण अजून अवघडून. दोघे पुण्याला गेले. तिघे नवे आले, तिघीही मुली.

मावशी दर बैठकीला येत नाहीत. चेला येतो, आणि मला त्याची काळजी वाटते. त्याला डेऱ्याबाहेर शिवणकाम शिकायचं आहे. ते आम्ही इथे ऐकतो आणि मावशींपुढे बोलू शकत नाही. नवी जागा मिळाली तसं हे नवं लपवणंही आलं. त्यावर माझ्याकडे आज उत्तर नाही.

गडावर

२०२३ ची कोजागरी त्या रविवारनंतर सहाच दिवसांनी होती. आमच्यातून एकटा सिन्नर गेला, कुणाला न सांगता. त्या रात्री खंडग्रास चंद्रग्रहण होतं. त्याने परत येऊन एवढंच सांगितलं की मावशींनी त्याची ओळख 'माझा भाऊ' अशी करून दिली, आणि कुणी काही विचारलं नाही.

२०२४ ची कोजागरी १६ ऑक्टोबरला आली, बुधवारी. आम्ही सात जण रजा टाकून गेलो. नांदुरीहून एसटीने वर. ओझर माझ्या शेजारच्या सीटवर होती. तिने ती खोटी मैत्रीण कधीच सोडून दिली होती. वर गर्दी प्रचंड, कावडी घेऊन आलेली माणसं, देवीच्या नावाचा गजर. छबिन्यात मावशी पुढे होत्या. इतक्या साऱ्या तृतीयपंथीयांच्या मेळ्यात आम्ही जीन्स-कुर्त्यातले सात जण वेगळे उठून दिसत होतो. कॉलेज रोडचा मुलगा माझ्या कानाशी लागून म्हणाला, "ताई, आपल्याला इथे चालेल ना?"

तेवढ्यात मावशींनी मागे वळून आम्हाला पुढे बोलावलं. मी जरा बिचकले, कारण पुढे त्यांच्या माणसांचा मान असतो. एका अनोळखी वयस्क गुरूंनी मावशींना विचारलं, हे कोण? मावशी म्हणाल्या, "नाशिकचे आहेत. आपलेच." त्या गुरूंनी आमच्याकडे खालपासून वरपर्यंत एकदा पाहिलं, सिन्नरकडे जरा जास्त वेळ, आणि सरकून जागा दिली.

पहाटे उतरताना सिन्नरने मला त्याचा फोन दाखवला. त्याच्या 'ट्रान्सजेंडर' प्रमाणपत्राचा फोटो होता, जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचा. 'पुरुष' लिहिलेला कागद अजून लांब आहे. तो पैसे साठवतोय. संगमनेरच्या मुलीच्या घरी तिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली आहे. पुढच्या बैठकीत याच विषयावर बोलायचं ठरलंय, आणि ती स्वतः येणार आहे.